मेणबाई दुसऱ्यांदा वितळली

१

मेणबाई पहिल्यांदा वितळली ती ठरवून, कॅमेऱ्यासमोर, गरम दिव्यांखाली, थेंबाथेंबाने. दुसऱ्यांदा वितळली ती संगणकात, आणि ते कुणीच ठरवलं नव्हतं. निदान कुणी तसं कबूल तरी करत नव्हतं.

धाकटीचा फोन आला तेव्हा ताई आपल्या दुकानात एका लॅपटॉपचं पोट उघडून बसली होती.

"ताई, गेलं गं सगळं! मेणबाईचा अख्खा सीन गेला. डिस्क नुसती कटकट करतेय. तू ये ना."

ताईला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर वाईट वाटायच्या आधी, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, तिला बरं वाटलं होतं. मग स्वतःचाच राग आला आणि त्या रागाच्या भरात तिने लॅपटॉपचा एक स्क्रू हरवला.

लहानपणी वडिलांनी धाकटीला कॅमेरा दिला आणि हिला स्क्रू ड्रायव्हरचा सेट. "तुला दुरुस्ती छान जमते," असं म्हणाले होते, कौतुकानेच. तेव्हापासून धाकटी काहीतरी बनवायची, लोक वाहवा करायचे, आणि ते बिघडलं की ताईला बोलावणं यायचं. बिघडलं नाही तर कधी बोलावणं आलेलं तिला आठवत नव्हतं. फडताळातल्या थर्मामीटरसारखी ती ताप आल्यावरच सापडायची.

एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर धाकटीचा स्टुडिओ होता. बाहुल्यांचा सिनेमा. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. दिवसभर मान मोडून काम केलं की पडद्यावर बाहुली जेमतेम एक कूस बदलते. धाकटीच्या नवऱ्याने वर्षभर खपून एक मेणाची म्हातारी घडवली होती. तिला सगळे मेणबाई म्हणत. सिनेमाच्या शेवटी ती खिडकीशी खुर्चीत बसल्या बसल्या वितळते. खरोखरच वितळते. एकच बाहुली, एकच वेळ. बिनसलं तर पुन्हा घ्यायची सोय नाही.

आणि त्या वितळण्याचे फोटो आता संगणकात नव्हते. कॅमेरा तारेने संगणकाला जोडलेला, त्यामुळे कॅमेऱ्यातही काही उरलेलं नव्हतं. खुर्चीत मेणाचा एक थिजलेला गोळा तेवढा होता.

धाकटी त्या गोळ्याशेजारीच फतकल मारून बसली होती. डोळे रडून सुजलेले.

"सीन काल संपला. आज सकाळी सगळ्यांना दाखवायला म्हणून उघडलं, तर नाही. जुने सगळे सीन आहेत, हाच नाही."

टेबलाखाली एका लाकडी खोक्यात मोठी डिस्क ठेवलेली असे. सगळे फोटो तिच्यावरच जात. तिचा निळा दिवा लुकलुकायचा आणि त्याचा उजेड बाहुल्यांवर पडायचा, म्हणून खोक्यावर जाड काळं कापड टाकलेलं. ताईने कापड उचललं, गुडघे टेकले आणि डिस्कला कान लावला.

कट. कट. थोडं थांबून पुन्हा कट.

"मरतेय ना?" दाराशी उभा असलेला दिवेवाला म्हणाला. सेटवरची प्रकाशयोजना त्याच्याकडे होती. "असा आवाज आला की संपलंच समजायचं."

ताईने डिस्कची वायर बोटांनी चाचपत भिंतीपर्यंत नेली. तिथला अडॅप्टर काढून उजेडात उलटासुलटा करून पाहिला आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"ही मरत नाहीये," ती म्हणाली. "हिला कुणीतरी उपाशी ठेवलंय."

२

ताईची एक खोड होती. कुठलंही यंत्र बसवून दिलं की त्याच्यावर आणि त्याच्या अडॅप्टरवर ती एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका लावायची. काळे अडॅप्टर सगळे सारखेच दिसतात, आणि लोक एकाचा दुसऱ्याला लावून मोकळे होतात. या डिस्कवर लाल ठिपका होता. भिंतीतून काढलेल्या अडॅप्टरवर काहीच नव्हतं. तो कुठल्यातरी चिमुकल्या यंत्राचा होता. त्याच्या विजेवर ही डिस्क सकाळी कशीबशी एकदा उठली होती, पण जरा फिरली की धापा टाकून बसायची. कट कट होत होती ती त्याचीच.

ताईने आपल्या पिशवीतला दणकट अडॅप्टर लावला. डिस्कने एकदा घुर्र केलं आणि ती शहाण्यासारखी फिरू लागली. तब्येतीचा अहवाल काढला, तोही ठणठणीत.

"मग माझा सीन?" धाकटीने आशेने विचारलं.

"थांब जरा. घाई करू नकोस."

ताईने पुसलेल्या फाइल्स हुडकणारा प्रोग्राम लावला. फाइल पुसली तरी डिस्कवर तिचे अवशेष राहतात, आणि ते गोळा करण्यात ताईचं आयुष्य चाललं होतं. अवशेष निघालेही, पण सगळे जुने. धाकटीने स्वतः टाकून दिलेले फोटो. एकात बाहुलीच्या डोक्यावर माशी बसलेली, एकात दिवा विझलेला. काहींमध्ये माणसांचे हात आलेले. बाहुली हलवताना हात काढून घ्यायच्या आतच फोटो निघाला की असं होतं. त्याला इथे 'हाताची फ्रेम' म्हणत.

वितळणाऱ्या मेणबाईचा मात्र एक थेंबही सापडला नाही.

ताई खुर्चीत मागे रेलली. खून झाला म्हणायचं तर प्रेत हवं, निदान रक्ताचा डाग तरी. इथे तर असं दिसत होतं की बाई या घरात कधी पाऊल टाकायलाच आली नव्हती.

म्हणजे दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, ही डिस्क कुणीतरी जागेवरून उचलून नेली होती आणि परत ठेवताना अडॅप्टरची अदलाबदल झाली. दोन, सीन या डिस्कवरून पुसला गेलेला नाही, कारण तो इथे आलाच नाही.

"पण मी माझ्या डोळ्यांनी बघितला ना!" धाकटी म्हणाली. "काल संध्याकाळी अख्खा चालवून बघितला, याच संगणकावर!"

ताईने धाकटीकडे पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती. आणि डिस्कही खोटं बोलत नव्हती.

३

या मजल्यावर वावर असलेली माणसं चारच. धाकटी सोडली तर तिघं उरत होती. ताईने तिघांना वेगवेगळं गाठायचं ठरवलं.

पहिल्या नणंदबाई. धाकटीच्या नवऱ्याची पाठची बहीण. जिन्याशेजारच्या टेबलावर बसून त्या पत्रव्यवहार बघायच्या आणि संध्याकाळी सगळी यंत्रं बंद करून कुलूप लावायच्या.

"माझ्यावरच येणार संशय, मला ठाऊकच होतं," ताई बसायच्या आतच त्या म्हणाल्या. "दादाच्या बाहुल्या आधी मीच हलवायचे, सांगितलंय का वहिनींनी तुम्हाला? नसेलच सांगितलं. त्या आल्या आणि मी या टेबलावर आले."

"वाईट वाटलं असेल."

"वाईट? अहो, अंगाचा तिळपापड झाला होता! पण म्हणून मी मेणबाईच्या वाटेला जाईन? तिचे केस मी स्वतः बसवलेत, एकेक करून."

ताईला त्यांचा तिळपापड फार ओळखीचा वाटला. तिने विषय बदलला. "एवढ्यात संगणकाने काही कुरकूर केली होती?"

"तर! मेणबाईचं शूटिंग सुरू झालं त्या दिवसापासून पाटी यायची, 'जागा संपत आली' म्हणून. वहिनींना सांगितलं, तर म्हणाल्या, मोठ्या डिस्कवर ढीगभर जागा आहे, घालवा ती पाटी. मी घालवली. आम्ही काय, सांगकामे."

दुसरा दिवेवाला. हसतमुख माणूस, बोटांच्या टोकांवर भाजल्याच्या खुणा. धाकटीशी तो असा बोलायचा की अर्ध्या वाक्यात दोघंही हसायचे, उरलेलं अर्धं बोलायची गरजच पडायची नाही. ताईला ते डोळ्यात खुपलं. तिच्याशी बोलताना धाकटी पूर्ण वाक्यं बोलायची.

"लिनक्समध्ये तुम्ही काही ढवळाढवळ केलीत?" ताईने सरळच विचारलं. हा संगणक तिने बसवून दिला होता, नेहमीच्या विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा.

तो चाचरला. "थोडीशी. मोठी डिस्क कधी वेळेवर जागी झाली नाही की संगणक सुरूच व्हायचा नाही, अडून बसायचा. मग मी त्याला सांगून ठेवलं की डिस्क मिळाली नाही तरी थांबू नकोस, पुढे चल."

"मला विचारलं नाहीत."

"तुमच्या बहीणबाई म्हणाल्या, ताईला कशाला उगाच त्रास."

ताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्रास म्हणे! तिचा संगणक, आणि त्याला हात लावणारा हा कोण?

तिसरा बाहुलीवाला, धाकटीचा नवरा. पॅसेजच्या पलीकडच्या आपल्या खोलीत तो एका नव्या बाहुलीची बोटं छोट्या ड्रिलने कोरत होता. टेबलावर प्लॅस्टरची धूळ साचलेली, तिच्यातच त्याचा जुना लॅपटॉप. मेहुण्यांचे हात प्लॅस्टरने पांढरेफटक झाले होते आणि चेहराही त्याच रंगाचा दिसत होता.

"तुम्ही सीन बघितलात का?" ताईने विचारलं.

"मला कोण बघू देतंय? शूटिंग चालू असलं की दारावर लाल दिवा. आत ती दोघं. मी आत पाऊल टाकलं तर म्हणे वाऱ्याने बाहुली हलते." त्याने ड्रिल बंद करून ठेवलं. "वर्षभर मी केली ती बाई, ताई. वितळवायला मात्र दुसरा."

"सापडेल सीन."

"कसला सापडतोय. डिस्कच कामातून गेलीय. नुसतं 'फॉरमॅट करू का, फॉरमॅट करू का' विचारत बसते, तिच्यावर काय सापडणार?"

ताई मान डोलावून बाहेर आली. दातात काहीतरी अडकावं तसं एक काहीतरी मनात अडकलं होतं, पण नेमकं काय ते जिभेला लागेना.

धाकटी अजून मेणाच्या गोळ्याशीच होती. ताई तिच्यासमोर उकिडवी बसली. "सीनच्या पहिल्या दिवशी काही वेगळं घडलं का? कितीही क्षुल्लक असो."

धाकटीने नाक पुसलं. "तसं काही नाही. म्हणजे, त्या दिवशी भूत आलं नाही."

"काय आलं नाही?"

"भूत गं. नवा सीन सुरू करताना प्रोग्राम आधीच्या सीनचा शेवटचा फोटो फिकट करून पडद्यावर दाखवतो. त्याला आम्ही भूत म्हणतो. बाहुली बरोबर त्या भुतावर बसवायची, म्हणजे जोड कळत नाही. त्या दिवशी ते आलंच नाही. म्हटलं, रुसलं असेल. मी अंदाजाने बसवली."

तेवढ्यात दिवेवाला आत डोकावला. "ताई, हा संगणक बघा ना, माउस हलवला तरी झोपेतून उठल्यासारखा हलतो. लिनक्सच बिघडलंय, मला खात्री आहे. मी नव्याने टाकू का? मोठी डिस्क तुम्ही बाजूला काढून घ्या, म्हणजे तिला धक्का नको. आतल्या छोट्या डिस्कवर नाहीतरी आपलं काहीच नसतं."

ताईला त्याच्याशी आणखी बोलायचीच इच्छा नव्हती. "टाका," ती म्हणाली. "काढते मी डिस्क."

"मी खालून पेन ड्राइव्ह घेऊन येतो," म्हणत तो जिना उतरला.

४

डिस्क काढण्याआधी ताईने सवयीने एक नजर टाकली. छोटी डिस्क, जिच्यावर नुसतं लिनक्स असायला हवं, काठोकाठ भरलेली होती. संगणक पेंगत होता तो त्यामुळेच. नणंदबाईंची पाटी खोटी नव्हती, फक्त ती कुणाबद्दल आहे ते कुणी वाचलं नव्हतं.

कशाने भरली? ताईने एकेक फोल्डर मोजायला लावला आणि बेरीज केली. बेरीज निम्मीसुद्धा होईना. डिस्क म्हणते माझ्यात मुंगी शिरायला जागा नाही, आणि आत सामान तर अर्धं घर रिकामं म्हणावं इतकंच.

उरलेलं कुठे होतं?

ताईचा हात माउसवरच थांबला. भूत आलं नाही. भूत येणार कुठून? ते मोठ्या डिस्कवर असतं. आणि ती डिस्क त्या दिवशी खोक्यात नसलीच तर?

लिनक्समध्ये डिस्क जोडायची म्हणजे तिला एक रिकामा फोल्डर नेमून द्यावा लागतो. भिंतीत कोनाडा असावा आणि त्याच्यापुढे कपाट आणून ठेवावं, तसं ते असतं. कपाट जागेवर असलं की सामान कपाटात जातं आणि मागे कोनाडा आहे याचा विसर पडतो. कपाट कुणी नेलं तरी कोनाडा असतोच. सामान ठेवणारा बाहेरची तीच पाटी वाचून ठेवत राहतो, आणि ते सगळं कोनाड्यात जातं. मग एक दिवस कपाट परत येऊन जागेवर बसतं. कोनाडा झाकला जातो. आतलं सामान जसंच्या तसं असतं. दिसत मात्र नाही.

ताईने मोठी डिस्क सोडवली आणि तोच फोल्डर पुन्हा उघडला.

मेणबाई होती. शेकडो चौकोनांत, खुर्चीत बसलेली, एकेका चौकोनात जराशी कमी होत जाणारी.

ताईने नुसते चौकोन सरकवले तरी बाई पडद्यावर हलली. आधी खांदे उतरले. मग हनुवटी छातीवर टेकली. ओठाच्या कोपऱ्यातून मेण असं ओघळलं की वितळता वितळता बाई हसली. मेणाला हसवायचं! आपली सगळी हयात गेली तरी हे आपल्याला जमणार नाही, हे ताईला लख्ख कळलं, आणि तिने टेबलाची कड धरली. कॅमेरा तिच्या हातात दिला असता तरी जमलं नसतं. ते जास्त लागलं. इतकी वर्षं वडिलांवर ढकलायची सोय होती, ती गेली.

जिन्यावर पावलं वाजली. दिवेवाला शीळ घालत पेन ड्राइव्ह घेऊन येत होता.

लिनक्स नव्याने टाकायचं म्हणजे छोटी डिस्क आधी पुसायची. कोनाड्यासकट. आणि टाका असं ताईने आधीच सांगून ठेवलेलं. आता काही करायची गरजच नव्हती, फक्त गप्प बसायचं होतं. तिने मोठी डिस्क परत जोडली असती तर चौकोन दिसेनासे झाले असते. कुणाला संशयही आला नसता. लोक म्हणाले असते, ताईने शर्थ केली हो, पण डिस्कच गेली होती. धाकटी तिच्या गळ्यात पडून रडली असती.

तिचं बोट डिस्क पुन्हा जोडायच्या बटणावर येऊन थांबलं.

"हं, आणला," दिवेवाला दारातून आत येत म्हणाला. "करू सुरू?"

५

"खबरदार!" ताई इतक्या जोरात ओरडली की त्याच्या हातून पेन ड्राइव्ह पडला. "छोट्या डिस्कला हात लावायचा नाही. सगळ्यांना बोलवा. आणि मेहुण्यांना म्हणावं, येताना ते छोटं ड्रिल घेऊन या. त्याच्या अडॅप्टरसकट."

सगळे जमले. ताईने पडदा त्यांच्याकडे वळवला. धाकटी भिंतीला टेकली. नणंदबाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "केस शेवटपर्यंत टिकलेत बघा." बाहुलीवाला मात्र पडद्याकडे बघत नव्हता. तो ताईच्या हाताकडे बघत होता. ताईने त्याच्या ड्रिलचा अडॅप्टर उलटा केला. लाल ठिपका.

"हा डिस्कचा," ती म्हणाली. "आणि डिस्कला लागलेला तुमच्या ड्रिलचा. दोन्ही तुमच्या टेबलावर शेजारी शेजारी होते, परत लावताना गडबड झाली."

"अडॅप्टर काय, कुणीही बदलेल," तो म्हणाला, पण आवाजात जीव नव्हता.

"बदलेल. पण तुम्ही मला म्हणालात, डिस्क फॉरमॅट करू का विचारते. मला ते तेव्हा उमगलं नाही. अहो, हा लिनक्सचा संगणक. आपल्याच डिस्कबद्दल हा असलं कधी विचारत नाही. तसं विचारतो विंडोजचा संगणक, लिनक्सची डिस्क त्याला जोडली तर. त्याला तिच्यातलं अक्षर लागत नाही, म्हणून फॉरमॅट करा, म्हणजे सगळं पुसून कोरी करा, म्हणतो. इथे विंडोजचा लॅपटॉप एकच आहे, आणि तो प्लॅस्टरमध्ये माखलेला आहे."

दिवेवाल्याने बाहुलीवाल्याकडे पाहिलं. धाकटीनेही पाहिलं.

"शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही डिस्क नेलीत," ताई पुढे म्हणाली. "सकाळी परत ठेवणार होतात. पण ही दोघं आधीच येऊन आत गेली आणि दारावर लाल दिवा लागला, तो सीन संपेपर्यंत रात्रीसुद्धा विझला नाही. खोक्यावर कापड, डिस्क नाही हे कुणाला दिसणार? संगणक डिस्क नसतानाही पुढे गेला, कारण तसं त्याला सांगून ठेवलेलं. सगळे फोटो छोट्या डिस्कवर पडले. सीन संपला, लाल दिवा विझला, सगळे गेले, मग तुम्ही डिस्क गुपचूप जागेवर ठेवलीत. तुम्ही चोरलं काहीच नाही. तुम्ही परत ठेवलंत, म्हणून सीन नाहीसा झाला."

धाकटी म्हणाली, "कशाला नेलीस?"

"बघायला." बाहुलीवाला खाली बघून बोलत होता. "त्या आधीच्या आठवड्यात मी दारातून पडदा बघितला होता. हाताची फ्रेम होती. तुझा हात, आणि त्याच्यावर याचा. तुमच्या अशा किती फ्रेम असतील, म्हटलं. डोक्यात किडा पडला. डिस्क जोडली तर लॅपटॉप म्हणतो फॉरमॅट करा. माझं धाबं दणाणलं. एक बोट चुकलं असतं तर माझीच बाई..."

दिवेवाल्याने भाजकी बोटं पुढे केली. "अहो, दिवा जवळ आणला की यांचा हात थरथरायचा. मी मनगट धरून ठेवायचो. अशा पुष्कळ फ्रेम आहेत. हव्या तेवढ्या बघा."

"मग मला का नाही बोलावलं?" बाहुलीवाला बायकोला म्हणाला. "माझे हात काय मोडले होते?"

"तू बघू शकला असतास?" धाकटीचा आवाज चढला. "वर्षभर तू रोज सकाळी आधी तिला बघायचास, मग मला. तिचा कान वितळताना तुला उभं केलं असतं, तर तू दिवाच विझवला असतास. वाऱ्याबिऱ्याचं सगळं खोटं होतं. तुला आत नको होतं मला. आणि खरं सांगू? मलाही जरा बरं वाटत होतं, ती वितळतेय म्हणून."

बाहुलीवाल्याने पहिल्यांदाच पडद्याकडे पाहिलं. मेणबाई हसत होती. तो खुर्चीत बसला आणि पांढऱ्या हातांनी तोंड झाकून रडला. नणंदबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि बाकीच्यांना डोळ्यांनीच बाहेर व्हा म्हणाल्या.

६

ताईने सीन मोठ्या डिस्कवर नेला. मग पिशवीतून एक कोरी डिस्क काढून तिच्यावर दुसरी प्रत केली. दोन्हीकडच्या फाइल्स ताडून पाहिल्या. लाल ठिपक्याचा अडॅप्टर लाल ठिपक्याच्या डिस्कला लावला, आणि कोऱ्या डिस्कवर आणि तिच्या अडॅप्टरवर हिरवा ठिपका दिला.

"ही प्रत या इमारतीच्या बाहेर ठेव," ती धाकटीला म्हणाली. "एकाच छपराखाली दोन्ही नकोत. कुणा भरवशाच्या माणसाकडे दे."

"तुझ्याकडेच ठेव."

"माझ्याकडे नको." ताई नेलपॉलिशचं झाकण उगाचच घट्ट करत राहिली. "तुला माहीत नाही. तो पेन ड्राइव्ह घेऊन आला तेव्हा मी..."

"माहीत आहे. मी दारात होते."

ताईने वर पाहिलं.

"तुझ्यासाठी पाणी घेऊन येत होते," धाकटी म्हणाली. "तुझ्या खांद्यावरून मला मेणबाई दिसली. किंचाळणारच होते. पण तू काहीच बोलली नाहीस. बटणावर बोट ठेवून नुसती बसलीस. मग मीही तशीच उभी राहिले. तो माझ्याच बाजूने आत गेला."

"आणि तू गप्प राहिलीस? त्याने पुसून टाकलं असतं तर?"

"त्याचा हात मी धरलाच असता गं. पण त्याच्या आधी तू काय करतेस ते मला बघायचं होतं. लहानपणापासून बघायचं होतं."

ताईला लाज वाटत होती, आणि त्या लाजेतही एक कोपरा अजून मेणाच्या त्या हसण्यावर जळत होता. तो आज विझणार नव्हता, बहुधा कधीच नाही.

"तरी मला देतेस?"

"तुलाच देते. नवरा रडून रडून विसरेल. हा दिवेवाला हसून हसून हरवेल. तू रोज रात्री ती लावून बघशील, जळशील, आणि सकाळी पुन्हा नीट ठेवशील. तिच्या केसाला धक्का लागू द्यायची नाहीस."

ताईने डिस्क रुमालात गुंडाळली. तिला राग यायला हवा होता, पण बोललेलं अक्षरन् अक्षर खरं होतं. ती जिना उतरून रस्त्यावर आली, डिस्क दोन्ही हातांनी छातीशी धरून. मागून वरची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"ताई!" धाकटी वाकून ओरडत होती. "अगं, अडॅप्टर राहिला! हिरवावाला!"

"फेक," ताई म्हणाली, आणि डिस्क एका हातात घट्ट धरून तिने दुसरा हात वर केला.